ब्रूनोचं वर्षाचं धान्य

वाशीमजवळच्या मालेगावातल्या माझ्या घरमालकांनी खोली दाखवण्याआधी माझ्या गादीचा वास घेतला. मी शाळेवर नुकतीच बदली होऊन आले होते आणि टेम्पोतून सामान उतरवून घेत होते. एवढ्यात पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा अशा थाटातले हे गृहस्थ पुढे आले, गुंडाळलेल्या गादीच्या तोंडाशी वाकले आणि डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"ओल आहे मॅडम. दोन दिवस उन्हात टाका, मंग वर न्या."

नगरहून निघताना ती गादी मी आठवडाभर गच्चीवर तापवून आणली होती. पण पहिल्याच दिवशी घरमालकाशी वाद नको म्हणून मी दोन दिवस चटईवर पाठ मोडून घेतली.

हे काका सरकारी धान्य गोदामावर चौतीस वर्षं गोदामपाल होते. सरकारनं त्यांना निवृत्त केलं होतं, पण गोदाम त्यांच्यातून काही निवृत्त झालं नव्हतं. घरातली एकही वस्तू जमिनीला टेकलेली त्यांना चालत नसे आणि भिंतीला टेकलेली तर मुळीच नाही. "ओल अन् उंदीर, दोघं बी खालून येतात," हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. त्यामुळे तुळशीची कुंडी फळीवर, स्कूटर फळीवर, काकूंचं शिवणयंत्र फळीवर, आणि सगळं भिंतीपासून बरोबर दीड फूट लांब. माझी खाटही त्यांनी स्वतः ओढून खोलीच्या मधोमध आणली. मी तिथं राहिले तेवढी वर्षं खाट आणि कपाट यांच्यामधून आडवी होऊनच ये-जा केली.

ते काहीही तपासल्याशिवाय घरात घेत नसत. पाहुण्यांनी आणलेली मिठाई आधी त्यांच्या नाकाखालून जाई. लग्नाला गेले तर वधूवरांच्या आधी आचाऱ्याला भेटत, तांदळाचा एक दाणा दाढेखाली धरून कट्ट करून तोडत आणि "जुना आहे, चालीन," असं म्हणून मगच आशीर्वाद द्यायला स्टेजवर जात. नवरीमुलीच्या बापाचा जीव तोवर टांगणीला लागलेला असे. एकदा शाळेत झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं, तर भाषण करायचं सोडून ते खिचडीच्या पोत्यांची थप्पी बघायला गेले आणि मुख्याध्यापकांना घाम फुटला.

पण गावात त्यांची खरी ख्याती होती ती नाकाची. बंद पोत्याजवळून काका नुसते गेले तरी त्यानं किती पावसाळे पाहिलेत ते सांगतात, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा काका स्वतः ते जास्त वेळा म्हणत. सोयाबीनच्या दिवसांत कोणी ना कोणी मोटारसायकल थांबवून रुमालात बांधलेला मूठभर नमुना दाखवून जाई. काका वास घेत, मान डोलवत आणि "घरात ठेवू नको, आजच विक," किंवा "थांब आठ दिवस," असा सल्ला देत. तो बरोबर निघाला की चूक, हे कोणीच पुन्हा येऊन सांगत नसे, त्यामुळे ख्याती टिकून होती.

अशा घरात ब्रूनो आला. काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्याच्याकडे बाळ झालं, घर लहान पडलं आणि त्यांचा तीन वर्षांचा लॅब्राडोर आईबापाकडे पाठवायचं ठरलं. काकांनी फोनवर साफ नकार दिला.

"गोदामात कुत्रं चालत नाई. मांजर चालते."

"बाबा, ते घर आहे," मुलगा म्हणाला. फोन स्पीकरवर होता, सगळी गल्ली ऐकत होती.

तरी ब्रूनो आलाच. पिवळसर, गलेलठ्ठ, स्वभावानं इतका गरीब की मांजरं त्याच्या वाटीतून पाणी पीत. काकांनी आठ दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी मी जिन्यातून उतरले तर ब्रूनोची गोधडी एका नव्या फळीवर अंथरलेली होती, भिंतीपासून दीड फूट. काकांनी त्याला आपलं मानल्याची ती अधिकृत नोंद होती.

मग दोघांचं असं जमलं की काकूंना हेवा वाटावा. काका सकाळी पेपर मोठ्यानं वाचत आणि मधूनमधून विचारत, "पटलं का?" ब्रूनो शेपटी हलवी. काका वाशीमला गेले की तो फाटकात बसून राही आणि ते परत आल्याशिवाय तोंडाला काही लावत नसे. परत आले की त्यांच्या हातातूनच खाई, वाटीतून नाही. काका मला सांगत, "सवय वाईट आहे त्याची, मॅडम." सांगताना मात्र आवाजात इतका आनंद असे की मला हसू यायचं.

ब्रूनोचं खाणं म्हणजे ते पाकिटातलं कोरडं खाद्य. काकू त्याला 'कुत्र्याचे फुटाणे' म्हणत. काका 'माल' म्हणत. पहिलं पोतं पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आलं तेव्हा मुलानं सोबत एक व्हिडिओही पाठवला होता. त्यात एक मुलगी गोड आवाजात सांगत होती की हे खाद्य त्याच्या मूळ पिशवीतच राहू द्या, तोंड घट्ट दुमडून आतली हवा काढा, पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवा, ऊन आणि उष्णता लागू देऊ नका, आणि उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवा. काकांनी तो व्हिडिओ चष्मा लावून पूर्ण पाहिला.

"मले शिकवून राह्यली. हिचा जनम झाला नव्हता तेव्हा मी बारा हजार पोती सांभायत होतो."

आणि त्यांनी कपाटातून परखी काढली. पोत्यात खुपसून नमुना काढायची ती टोकदार लोखंडी नळी. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घ्यायला विसरले, पण परखी घरी आणायला विसरले नव्हते. त्यांनी त्या चकचकीत पिशवीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडली, नमुना तळहातावर घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "माल चांगला आहे." त्या तीन भोकांतून पुढे महिनाभर हवा आणि मुंग्या सुखानं ये-जा करत होत्या. पण पोतं लहान होतं, ब्रूनोची भूक मोठी होती, म्हणून ते निभावलं.

घोळ झाला तो मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे काय, तिकडे काय, प्रत्येक घरात वर्षाचं धान्य भरतात. काकूंचे गहू आले, तुरीची डाळ आली, गच्चीवर कुरड्या पडल्या. काकांच्या मनात आलं की घरात सगळ्यांचं वर्षाचं भरायचं आणि ब्रूनोचंच तेवढं महिन्यामहिन्याला आणायचं, हा काय न्याय झाला! त्यांनी मुलाला फोन लावून सात-आठ मोठी पोती मागवली.

"बाबा, एवढं नका भरू. उघडल्यावर टिकत नाही ते."

"तुह्या हातात टिकत नसन. माह्या हातात टिकते."

पोती आली. एका रविवारी सकाळी गच्चीवर काकूंच्या जुन्या लुगड्यांवर ते सगळं खाद्य पसरलं गेलं. एका बाजूला कुरड्या, एका बाजूला सांडगे आणि मधोमध ब्रूनोचे फुटाणे. वाशीमचं मेमधलं ऊन, त्यात दोन दिवस. शेजारच्या वहिनी कुरड्या बघायला आल्या, त्यांनी सहज एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि "हे कायचं व काकू, मीठ कमी आहे," म्हणाल्या. काकूंनी त्यांना काय आहे ते आजतागायत सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी माल खाली अंगणात उतरवला आणि एरंडेलाची बाटली आणली. गव्हाला कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात लावतात, ते मलाही माहीत होतं. आमची आईही लावते. पण गहू आपण निवडून, धुऊन, दळून खातो. कुत्रा काही ते धुऊन खात नाही. मी जिन्यातूनच म्हटलं, "काका, एरंडेल पोटात गेलं तर जुलाब होतात."

"हाताले लागन तेवढंच लावतो मॅडम. तेल मालाले राखते."

मी तेव्हाच खाली उतरून बाटली हिसकावून घ्यायला हवी होती. पण मी पेपर तपासत होते आणि शिवाय काका त्या वेळी इतके खुशीत होते, गाणं गुणगुणत तेल चोळत होते, की माझ्यानं जास्त बोलवलं नाही. माझी ती चूक मी कबूल करते.

तेल लावलेला माल त्यांनी पत्र्याच्या कोठीत भरला. तळाशी कडुनिंबाचा पाला, मध्ये पाला, वर पाला. झाकणाच्या फटी शेणामातीनं लिंपल्या आणि रोजच्या वापरासाठी खाली तोंड ठेवलं. कोठीवर खडूनं 'ब्रूनो, एक वर्ष' असं लिहिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुढच्या मेपर्यंत चिंता नाई."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रूनोनं हातातले दाणे हुंगले आणि तोंड फिरवलं.

काका म्हणाले, उकाडा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुण्याची आठवण येऊन राह्यली त्याले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, कंपनीनं माल हलका दिला. चौथ्या दिवशी माझ्यावर आले, कारण मी त्याला कधीतरी बिस्किट देते. दोष घ्यायला फक्त कोठी उरली होती आणि तिच्याकडे ते बघायला तयार नव्हते. रोज मूठभर काढायचे, नाकाशी न्यायचे, "मस्त आहे," म्हणायचे आणि ब्रूनोपुढे धरायचे. त्या गरीब जनावरानं शेवटी त्यांचं मन राखायला म्हणूनच की काय, थोडं थोडं खाल्लं. आणि त्याचं पोट बिघडलं.

चार दिवसांत तो ओळखू येईना. बरगड्या दिसायला लागल्या. फळीवरून उतरायचा आणि तिथंच बसायचा. काकू रडवेल्या झाल्या.

"काहो, डाक्टरले बलावता का नाई? का मी जाऊ?"

जनावरांचे डॉक्टर आले. तरुण मुलगा, दिवसभर म्हशी तपासून दमलेला. त्यानं ब्रूनोला सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, काय खाऊ घालता? काकांनी अभिमानानं कोठीतून मूठभर काढून दिलं. डॉक्टरनं ते नाकाशी नेलं आणि मान झटकन मागे घेतली.

"काका, हे तं खवट झालं. तेल लावलं का याले? तुमाले वास नाई आला?"

"आला ना. चांगला आहे वास."

मी दारात उभी होते, तिथपर्यंत तो वास येत होता. आठ दिवस तळणाला वापरलेल्या तेलाचा असतो तसा. डॉक्टर एकदा माझ्याकडे आणि एकदा काकांकडे पाहत राहिला.

"हे आजपासून बंद करा. नाईतर कुत्रं हातचं जाईन."

तो गेल्यावर काका अर्धा तास बडबडत होते. कालचं पोरगं, म्हशीच्या शेणात हात घालणारं, मले वास शिकवते. मी इतकी चिडले होते की वर निघून गेले. माणसानं हट्टी असावं, पण मुक्या जनावराच्या जिवावर हट्ट करू नये, असं मी काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालेही.

काकूंनी सूत्रं हातात घेतली. दहीभात, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर, मिठासाखरेचं पाणी. आठवड्यात ब्रूनो उठून चालायला लागला आणि आमच्या जिवात जीव आला. पण एक गोष्ट बदलली होती. काका जवळ आले की तो उठून काकूंच्या मागे जाऊन उभा राही. काकांनी भाकर पुढे केली, त्यानं मान वळवली. दूध केलं, तेही नाही. काकूंच्या हातून घेई, माझ्या हातून घेई, काकांच्या हातून काही नाही. काका हात तसाच धरून थोडा वेळ उभे राहत, मग भाकर फळीच्या कडेला ठेवून आत जात. पेपर मनातल्या मनात वाचायला लागले. जेवणही कमी झालं. मला खरं तर त्यांचा राग यायला हवा होता, पण ते बघवत नव्हतं.

अशाच एका सकाळी मी खाली दूध घ्यायला गेले. काकू मागच्या अंगणात होत्या, काका स्वयंपाकघरात गॅसपासून हातभर अंतरावर पेपर घेऊन बसलेले. गॅसवरचं दूध आटून करपून गेलं होतं, पातेलं काळं झालं होतं, घरभर जळकट वास कोंदला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला. काकांनी पेपरातून मान वर केली.

"काय झालं मॅडम?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या सगळं लक्षात आलं. माझी गादी, पाहुण्यांची मिठाई, रुमालातलं सोयाबीन. काकांच्या नाकाला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. मी "काही नाही, दूध उतू गेलं," एवढंच म्हणाले आणि पातेलं उचललं. त्यांनी काळ्या पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर डोळ्यांपुढे धरला. 

दोन दिवसांनी मुलानं पाठवलेली नवी, लहान पिशवी आली. काकांनी परखी काढली नाही. पिशवी तशीच ओट्यावर ठेवली, कोठी अंगणात ओढून आणली, उघडली आणि मला हाक मारली.

"मॅडम, खाली या. पंच पाह्यजेन."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी कोरे कागद, कार्बन आणि पाट घेतला होता. माल नष्ट करायचा तर पंचनामा झालाच पाहिजे, तोही दोन प्रतींत. काकू सूप घेऊन पायरीवर बसल्या होत्या, ब्रूनो त्यांच्या पायाशी. काका मान खाली घालून लिहीत होते. मालाचा प्रकार, साठवणुकीची जागा, भरल्याचा दिवस. मग थांबले.

"नुकसानीचं कारन," ते म्हणाले. "चौतीस वर्सं या रकान्यात मी दोनच गोष्टी लिवल्या मॅडम. उंदीर, नाईतर पाऊस. साहेबाले तिसरं कारन चालतच नव्हतं. उंदरानं कदी तक्रार केली नाई."

मी हसले. ते हसले नाहीत. बराच वेळ लिहीत राहिले, मग कागद माझ्याकडे दिला.

"काय लिवलं?" काकूंनी विचारलं. त्यांचा चष्मा आत होता. "वाचा ना मोठ्यानं."

मी वाचलं. "साठा रोज तपासणाऱ्या इसमास तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर कोणताही वास येत नाही. सदर इसमाने ही बाब सर्वांपासून लपवली. माल खराब असताना चांगला म्हणून प्राण्यास खाऊ घातला. प्राण्याने वेळोवेळी नकार देऊनही ऐकले नाही. उंदरांचा यात काही संबंध नाही."

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. 

"मले तं सांगाचं होतं," काकू म्हणाल्या.

"काय सांगाचं? साऱ्या गावात एक नाकच तं होतं माह्याजवय. ते बी गेलं म्हनून सांगू?"

काकू उठल्या, आतून कात्री आणली आणि ओट्यावरच्या पिशवीचा कोपरा कापला. पिशवीत नाक घालून नीट वास घेतला. इतक्या वर्षांत त्या घरात मालाचा वास घ्यायचा अधिकार काकांशिवाय कोणाला नव्हता. मग त्यांनी मूठभर दाणे काढले आणि काकांचा उजवा हात ओढून त्यावर ठेवले.

"ताजं आहे. द्या त्याले."

काका खाली बसले. हात पुढे केला, पण डोळे दुसरीकडे ठेवले, ब्रूनोनं तोंड फिरवलेलं दिसू नये म्हणून. ब्रूनो उठला. काकूंच्या मागे जाईल असं मला वाटलं. तो दोन पावलं पुढे आला आणि हाताजवळ नाक नेऊन हुंगत राहिला. दाणे हुंगले, बोटं हुंगली, मनगट हुंगलं, पुन्हा दाणे हुंगले. इतकी कडक तपासणी काकांनीही कधी कोणाची केली नसेल. मग त्यानं एक दाणा उचलला. चावला. दुसरा उचलला. आणि मग सगळा हात चाटूनपुसून साफ केला.

दाणे संपले तरी काकांनी हात मागे घेतला नाही. ब्रूनो चाटत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक हात ब्रूनोच्या तोंडाशी, दुसऱ्यात पेन, पुसायचं कशानं! त्यांनी तसंच माझ्याकडे पाहिलं.

"पाहून काय राह्यल्या मॅडम? सही करा."